केबलवाल्यांनीही जावं अशी परिषद: सांगलीतला पदव्युत्तर संशोधन मेळावा

८०० रुपये फी आणि धंद्यातले दोन दिवस घालवून मिळालं काय, असं आमच्या लाईनमधले लोक मला विचारताहेत. म्हणून आधी निकाल सांगते: पैसे वसूल. पुढच्या वर्षी भरली तर मी पुन्हा जाणार आणि आणखी दोन-चार ऑपरेटरांना सोबत ओढून नेणार. काही गोष्टी मात्र सुधारायलाच हव्यात. त्याही मोकळेपणाने लिहिते, कारण ही परिषद टिकावी असं मला मनापासून वाटतं.

सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दूरसंचार, नेटवर्किंग आणि प्रसारण या तिन्हींवर मिळून ही परिषद झाली. बोलणार फक्त एम.टेक. आणि पीएच.डी. करणारे विद्यार्थी. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे असे कुठून कुठून आले होते. मी त्यांच्यातली नाही. मी गावभागात केबल आणि इंटरनेटचा व्यवसाय चालवते. सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश बसवली, तेव्हापासून घरात हाच धंदा. बिलं, तक्रारी आणि कंट्रोल रूम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. आमचे एक ग्राहक त्या कॉलेजात शिकवतात. बॉक्सची तक्रार द्यायला आले होते, जाताना परिषदेचं पत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, लाईनवरचं कुणी येत नाही म्हणून आमची पोरं नुसती पुस्तकातलं बोलतात. तुम्ही याच."

बाहेरच्या माणसाला वाटेल, केबलवालीचं तिथे काय काम? सासऱ्यांच्या काळी खरंच नव्हतं. तेव्हा खांबाखांबावरून काळी कोॲक्स, म्हणजे धातूची जाड केबल जायची, ठरावीक अंतरावर सिग्नल वाढवणारा अँप्लीफायर, आणि त्यातून फक्त टीव्ही. टेलिफोन ही सरकारी खात्याची बाब, आणि इंटरनेट तर ऐकूनही माहीत नव्हतं. १९९५ मध्ये केबलचा कायदा आला तेव्हा पोस्टात जाऊन नोंदणी करून आणायची, एवढाच सरकारशी संबंध. मग आमच्या शहरासाठी डिजिटलची मुदत ठरली ३१ डिसेंबर २०१५, आणि घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दररचना लागू झाली आणि एकेका चॅनेलची निवड ग्राहकाच्या हातात गेली. तोवर आम्ही फायबर ओढायला लागलो होतो. आज आमच्या केसाएवढ्या काचेच्या तारेतून एकाच वेळी तीन वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे जणू तीन रंगांचे, प्रकाश धावतात. १४९० नॅनोमीटरवर इंटरनेट घराकडे जातं, १३१० वर घराकडून परत येतं आणि १५५० वर टीव्ही चालतो. त्याच इंटरनेटवर फोनही चालतो. परिषदेचा जो विषय होता, तो आमच्याकडे भिंतीवर टांगलेल्या एका पांढऱ्या डबीत रोज चालू असतो.

उद्घाटनात निमंत्रक सरांनी एक माहिती दिली ती मला आवडली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठात याच तीन विषयांवर केवळ पदव्युत्तर संशोधकांची वार्षिक परिषद २००० नंतरच्या दशकात भरत असे. तिथल्या सुरुवातीच्या परिषदा झाल्या तेव्हा यूट्यूबसुद्धा नव्हतं, ते आलं २००५ ला. म्हणजे टीव्ही, फोन आणि नेट एकत्र येणार हे ओळखून विद्यार्थ्यांना त्या वेळीच एकत्र बसवणारे लोक होते. आपल्याकडे तेव्हा आम्ही खांबावर चढून केबलच्या टोकाचे एफ-कनेक्टर घट्ट करत होतो. उद्घाटनातलं बाकीचं फारसं लक्षात राहिलं नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत यांतच पाऊण तास उशीर झाला आणि तो उशीर पुढे दिवसभर पुरला. त्याबद्दल नंतर लिहिते.

पहिल्या दिवशीच्या ज्या एका सादरीकरणासाठी मी ही सगळी फी पुन्हा भरीन, ते होतं फायबरमधला बिघाड आधीच ओळखण्यावर. मुलगा एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला, इस्लामपूरकडचा. प्रत्येक घरातल्या ओएनयूला, म्हणजे त्या पांढऱ्या डबीला, किती प्रकाश पोचतो याचं रीडिंग कंट्रोल रूममधल्या ओएलटीवर, म्हणजे घरोघरी प्रकाश सोडणाऱ्या यंत्रावर दिसतं. ती रीडिंगं सतत नोंदवायची, संगणकाला शिकवायची, आणि कुठल्या घराची लाईन पुढच्या काही दिवसांत पडणार हे संगणकाने आधी सांगायचं, अशी त्याची कल्पना. आलेख छान होते. पण सगळा डेटा संगणकावर तयार केलेला, खऱ्या लाईनवरचा एकही आकडा नाही.

हिशेब मात्र त्याने अगदी बरोबर मांडला होता. ओएलटीतून अधिक ४ डीबीएमने (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप) प्रकाश निघाला. वाटेत आठाचा स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला प्रकाश आठ तारांत वाटणारा, पुढे पुन्हा आठाचा, म्हणजे एका पोर्टवर ६४ घरं. आठाचा एक स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी खातो, दोन मिळून २१. तीन किलोमीटर फायबरचा एक, जॉइंट आणि कनेक्टरचे दीड-दोन. घरी पोचला उणे २०. उणे २७ च्या खाली गेला की डबीवर लाल दिवा आणि माझा फोन वाजायला सुरुवात. हे सगळं त्याला ठाऊक होतं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. मराठीतच विचारलं, कारण मला जे सांगायचं होतं ते इंग्रजीत मला नीट जमलं नसतं. म्हटलं, बाळा, तू फक्त १४९० चं रीडिंग घेतोयस. आमच्याकडे रोज सकाळी जी तक्रार येते ती अशी: "वहिनी, नेट चालतंय, पण टीव्ही फुटतोय." असं सांगितलं की आमचा लाईनमन प्रकाश मोजायचा पॉवर मीटर काढायच्या आधी टीव्हीच्या मागे हात घालतो. तिथे पॅच कॉर्ड, म्हणजे डबीला जोडलेली फायबरची बारीक वायर, दुमडलेली असते. कुणी शोकेस सरकवलेलं असतं, कुणी वायर दिसू नये म्हणून घट्ट गुंडाळून फडताळामागे कोंबलेली असते. फायबरला बाक आला की लांब तरंगलांबीचा प्रकाश आधी बाहेर सांडतो. १५५० ला मार जास्त बसतो, १४९० ला कमी, १३१० ला त्याहून कमी. म्हणून आधी टीव्हीचे चौकोन फुटतात आणि नेट तसंच चालू राहतं. उलट, कनेक्टरवर धूळ असली किंवा जॉइंट खराब झाला तर दोन्ही जवळपास सारखेच पडतात. तू दोन्ही रीडिंगं घे आणि त्यांच्यातला फरक बघ. बिघाड घरात आहे की खांबावर, हे तुझ्या संगणकाला तिथेच कळेल.

मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग वही काढून लिहायला लागला. त्याचे मार्गदर्शक मागच्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "मॅडम, हे परत एकदा सांगा." तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा वाजली. दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न, असा नियम होता. पण सकाळचा उशीर भरून काढायला प्रश्नांची पाच मिनिटं दोनवर आणली होती. माझी या परिषदेवरची सगळ्यात मोठी तक्रार हीच. सत्काराला वेळ असतो आणि प्रश्नाला नसतो, हे उलटं व्हायला हवं. पुढचं बोलणं आम्ही जेवणाच्या रांगेत पूर्ण केलं. ओएनयूच्या टीव्ही पोर्टचं रीडिंग बहुतेक साध्या मॉडेलमध्ये ओएलटीपर्यंत येतच नाही, ही खरी अडचण त्याने तिथे सांगितली. मग कुठली मॉडेलं ते पाठवतात, त्यांची किंमत किती, एका भागापुरती बसवून बघता येतील का, इथपर्यंत आम्ही गेलो. ताटातली भाकरी गार झाली, पण मला भूक आठवलीसुद्धा नाही.

दुसरा पेपर क्रिकेटच्या मॅचवर होता, म्हणून हॉल भरला होता. कोल्हापूरच्या एका मुलीने मांडला. तिचा मुद्दा साधा आणि पक्का होता. केबलवर मॅच दाखवायची तर आम्ही एकच प्रत सोडतो, मग बघणारं एक घर असो की हजार. मोबाईलच्या ॲपवर मात्र प्रत्येक बघणाऱ्याला वेगळी प्रत जाते. ३०० घरांत ५ मेगाबिटने मॅच चालू असेल तर दीड गिगाबिट लागतं, तेही सगळ्यांना तेच चित्र दाखवायला. सगळ्यांसाठी मिळून एकच प्रत पाठवली, म्हणजे मल्टिकास्ट केलं, तर तेवढ्याच कामाला ५ मेगाबिट पुरतात. जीपॉनच्या, म्हणजे आमच्या या फायबर पद्धतीच्या, एका पोर्टवर अडीच गिगाबिट असतं, ते ६४ घरांत वाटून घ्यायचं. पण आमची अडचण पोर्टवर नसते. आम्ही वरून जी बँडविड्थ विकत घेतो तिथे चोंदतं. भारत-पाकिस्तान मॅचच्या संध्याकाळी आमच्या स्क्रीनवरची रेघ वर जाऊन सपाट होते, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

मी विचारलं की ॲपवरचं चित्र तर कुलूपबंद येतं, आम्ही मधे त्याची एक प्रत करून वाटणार कशी? ती म्हणाली, एकट्या ऑपरेटरला ते शक्यच नाही, ॲपवाल्या कंपनीने साथ द्यावी लागेल. डीव्हीबी या युरोपातल्या संस्थेने त्यासाठी मानक तयार केलंय. घरातल्या किंवा वाटेतल्या यंत्रावर मल्टिकास्टची एक प्रत घ्यायची आणि तिथून प्रत्येक मोबाईलला द्यायची. उत्तर प्रामाणिक होतं. "हे आत्ता तुमच्याकडे चालणार नाही, पण चालवायचं असेल तर अमुक तीन गोष्टी बदलाव्या लागतील," असं स्पष्ट सांगणारे वक्ते दोन दिवसांत मोजकेच भेटले.

त्याच मुलीने मॅचच्या उशिराचं कोडंही नीट सोडवून दाखवलं. केबलवर बघणाऱ्या शेजाऱ्याची आरोळी आधी येते आणि ॲपवर बघणाऱ्याला विकेट बऱ्याच सेकंदांनी दिसते. कारण ॲपसाठी चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, मोबाईल त्यातले दोन-तीन तुकडे आधी साठवतो आणि मगच दाखवायला लागतो. तुकडे लहान केले तर उशीर कमी होतो, पण नेट जरा हललं की चित्र थांबतं. ग्राहक मला दर मॅचला विचारतात, "तुमचं नेट स्लो आहे का हो?" आता त्यांना द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर आहे.

पोस्टरचं दालन जिन्याजवळच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. उजेड कमी, जाणारे-येणारे धक्के मारत जाताहेत, आणि चहाची वेळ तीच पोस्टरची वेळ. एका हातात चहा, दुसऱ्या हातात भडंगाचा द्रोण, अशा अवस्थेत कुणी काय वाचणार? आणि दुःख याचं, की परिषदेतलं सगळ्यात मोलाचं काम याच व्हरांड्यात लागलं होतं.

पाटणची एक मुलगी पुराच्या इशाऱ्यांवर पीएच.डी. करते. कोयनेच्या बाजूची, त्यामुळे तिच्यासाठी हा अभ्यास घरचाच. कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं आणि मग आमच्याकडे. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. तिने पोस्टरवर मांडलं होतं की अशा वेळी एसएमएसवर भिस्त ठेवणं का चुकीचं आहे. एसएमएस एकेका नंबरला जातो, लाखो नंबर असले की रांग लागते आणि टॉवरवर गर्दी झाली की रांग आणखी लांबते. सेल ब्रॉडकास्टमध्ये टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम संदेश टाकतो. नंबराची गरज नाही, रांग नाही. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन अचानक कर्कश वाजून चाचणीचा संदेश आला होता, ती हीच पद्धत. सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी मिळून ती उभी केली आहे. इथे फोनचा टॉवर आकाशवाणीच्या मनोऱ्याचं काम करतो. टेलिफोनचं जाळं आणि प्रसारण एकमेकांत मिसळल्याचं याहून चांगलं उदाहरण मला त्या दोन दिवसांत दिसलं नाही.

तिला पुढे जाऊन तोच इशारा केबलच्या टीव्हीवर पट्टी म्हणून आणायचा आहे. फक्त ज्या भागात पाणी शिरणार, त्याच भागात. त्यासाठी तिने इशाऱ्याचा जागतिक साचा वापरलाय, कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल. एकदा इशारा त्या साच्यात लिहिला की फोन, टीव्ही, रेडिओ, भोंगा, सगळीकडे तोच जाऊ शकतो.

मी तिथे बराच वेळ थांबले. ती वीज गेल्यावर काय होतं यावर अडली होती. पाणी वाढलं की महावितरण सुरक्षिततेसाठी लाईन बंद करतं, आणि ते करावंच लागतं. मी तिला आमच्याकडचं सांगितलं. २०१९ ला आमचा बराचसा भाग कोॲक्सवर होता. खांबाखांबावरच्या अँप्लीफायरला वीज लागते, त्यामुळे वीज गेली की वाटेतली सगळी लाईन मेली. खालचे तर पाण्यातच गेले. पाणी ओसरल्यावर ते उघडले तेव्हा आत चिखल होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तोवर फायबरचा भाग वाढला होता. फायबरच्या वाटेत वीज लागतच नाही. स्प्लिटर हा नुसता काचेचा तुकडा असतो, पाण्यातही आपलं काम करतो. वीज लागते दोनच टोकांना, आमच्या कंट्रोल रूममध्ये आणि ग्राहकाच्या घरी. कंट्रोल रूम दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली जनरेटर ठेवता येत नव्हता म्हणून तो गच्चीवर चढवला. घरातला ओएनयू १२ व्होल्टवर चालतो, त्याला छोटी बॅटरी जोडली की कित्येक तास निघतात. वरच्या मजल्यांवर अडकलेल्या ज्या लोकांकडे अशी बॅटरी होती, त्यांचं नेट चालू होतं, आणि त्यांच्याच फोनवरून खालच्या गल्लीतल्या माणसांचे निरोप बाहेर गेले. आमचा लाईनमन डिझेलचा कॅन डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आला होता. हे तिच्या पोस्टरमध्ये यायलाच हवं, असं मी तिला म्हटलं. टॉवरची बॅटरी संपली तरी फायबरवरची घरं जिवंत राहू शकतात, हा दुसरा रस्ता आहे. तिने हे सगळं रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं. म्हटलं, कर.

एवढ्या कामाच्या पोस्टरसमोर परीक्षक चार मिनिटंसुद्धा थांबले नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं मुख्य भाषण डायरेक्ट-टू-मोबाईलवर होतं. सिम आणि नेट नसताना थेट मोबाईलवर टीव्ही. आयआयटी कानपूर, सांख्य लॅब्ज आणि प्रसार भारती यांनी त्याच्या चाचण्या केल्या आहेत, आणि त्यासाठी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा चर्चेत आहे. विषय आमच्या पोटाशी थेट भिडणारा, त्यामुळे मी कान टवकारून बसले होते. पण वक्त्यांनी स्लाईड वाचून दाखवल्या. सातारच्या एका विद्यार्थ्याने विचारलं की घाटाआडच्या गावात हा सिग्नल पोचणार कसा, मनोरे किती लागणार, आणि फोनमध्ये वेगळी चिप लागणार ती कोण बसवणार. उत्तर चहाच्या सुट्टीवर ढकललं गेलं. चहाच्या सुट्टीत वक्ते गाडीत बसून निघून गेले.

कायद्यावरची चर्चा मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली झाली. २००१ मध्ये दळणवळणाच्या एकत्रीकरणाचं विधेयक लोकसभेत आलं होतं. दूरसंचार, इंटरनेट आणि प्रसारण या तिघांना एकच नियामक द्यायचा विचार होता, पण ते विधेयक बारगळलं. पुढे जानेवारी २००४ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून प्रसारण आणि केबल या सेवा दूरसंचारात धरल्या, आणि म्हणून आमचे दर ट्राय ठरवतं. पण नोंदणी आजही माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे, आणि इंटरनेटचा परवाना दूरसंचार विभागाकडे. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला तरी केबलचा १९९५ चा कायदा आपल्या जागी आहे. एका तारेसाठी मला दोन मंत्रालयांचे कागद सांभाळावे लागतात, हे मी तिथे उभं राहून सांगितलं. पोस्टातली वर्षावर्षाची नोंदणी जाऊन आता ऑनलाइन पाच वर्षांसाठी होते, हा बदल चांगला झाला, हेही सांगितलं. कायद्याचे एक प्राध्यापक होते, त्यांनी विद्यार्थ्यांना एक चांगलं काम दिलं: एका लहान ऑपरेटरला वर्षभरात कुणाकुणाला काय काय कळवावं लागतं याची यादी करून आणा. कुणीतरी ती खरंच करावी.

प्रात्यक्षिकाच्या खोलीबद्दल न लिहिणं अन्यायाचं होईल. आमचा लाईनमन मला सोडायला आला होता. त्याला आत बोलावलं, कारण टेबलावर फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन होतं आणि मुलांचा जॉइंट जमत नव्हता. मशीन प्रत्येक वेळी तोटा जास्त दाखवत होतं. त्याने फायबर हातात घेतलं, वरचं प्लास्टिक स्ट्रिपरने एका दमात ओढलं, स्पिरिट लावलेल्या कागदाने पुसलं, बारीक 'चीं' असा आवाज येईपर्यंत पुसलं. "हा आवाज आला पाहिजे, मग काच साफ," तो मुलांना म्हणाला. मग क्लीव्हरमध्ये, म्हणजे फायबर कापायच्या यंत्रात, ठेवून कापलं. मुलांचं कापताना टोक तिरकं होत होतं, कारण ती क्लीव्हर टेबलावर न टेकवता हातात धरत होती. त्याने टेकवून कापलं, मशीनमध्ये ठेवलं, ठिणगी पडली, पडद्यावर ०.०१ डीबी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पीएच.डी.च्या मुलाने त्याला "सर" म्हटलं. दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस आहे. पुढचा अर्धा तास तो तिथून हलला नाही. पावसात खांबावर, छत्री दातात धरून जॉइंट कसा करायचा, क्लोजरमध्ये, म्हणजे जॉइंटवरच्या बंद डब्यात, पाणी शिरू नये म्हणून वायर खालून का आणायची, हे सगळं त्याने दाखवलं. कॉलेजने अशा माणसांना मानधन देऊन रीतसर बोलवावं, ही माझी लेखी सूचना मी अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये दिली आहे.

बाकीची व्यवस्था: जेवण उत्तम, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी दोन्ही दिवस गरम होती. पाहुण्यांसाठीचं वायफाय पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चाललं नाही, त्यामुळे पुण्याच्या एका मुलाचं प्रात्यक्षिक त्याला मोबाईलच्या नेटवर करावं लागलं आणि त्याचा निम्मा वेळ त्यातच गेला. बायकांसाठी स्वच्छतागृह दुसऱ्या इमारतीत होतं, पाटी कुठेच नव्हती. शोधनिबंधांच्या सारांशाची पुस्तिका दिली ती चांगली छापलेली आहे, जपून ठेवावी अशी. संध्याकाळी मिरज स्टेशनला सोडायला कॉलेजची बस होती, बाहेरगावच्या मुलांना तिचा उपयोग झाला.

पेपरांचा दर्जा म्हणाल तर असमान. बरेच जण फक्त संगणकावरच्या सिम्युलेशनवर थांबलेत. मी त्यात मुलांना दोष देत नाही. खरी लाईन त्यांना दाखवायला कोण तयार आहे? मोठ्या कंपन्या दारात उभं करत नाहीत. आम्ही लहान ऑपरेटर करू शकतो. आमच्याकडे ओएलटी आहे, हजारो घरांची रोजची रीडिंगं आहेत, पुराचा आणि मॅचचा अनुभव आहे, आणि ते सगळं आमच्या कंट्रोल रूममध्ये पडून वाया जातं. सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक ऑपरेटरने एकेका विद्यार्थ्याला आपली लाईन उघडून दाखवली, तर दोघांचंही भलं होईल असं मला ठाम वाटतं.

इस्लामपूरच्या मुलाला मी आमच्या एका भागाची रीडिंगं देणार आहे. ग्राहकांची नावं आणि पत्ते काढून, नुसते आकडे. टीव्ही पोर्टचं रीडिंग पाठवणारे काही ओएनयू त्याच्या कॉलेजने घ्यावेत, बसवायची मजुरी आमची, असं ठरलंय. पाटणच्या मुलीला पावसाळ्याआधी एकदा कंट्रोल रूम बघायला बोलावलंय.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. विद्यार्थ्यांना फी ४०० आहे, आमच्यासारख्यांना ८००, दोन्हीत जेवण धरलेलं. आणि पोस्टर लावणार असाल तर मोठ्या अक्षरात करा, स्वतःचा छोटा दिवा घेऊन जा आणि चहाच्या सुट्टीत पोस्टरजवळून हलू नका, कारण आमच्यासारखे लोक तेव्हाच येतात.